सुट्टीत आमदारांच्या कार्यालयात: राजकारण आणि प्रशासनातली इंटर्नशिप कशी शोधायची

परीक्षा जवळ आल्या की राज्यशास्त्र, कायदा, पत्रकारिता, अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो: सुट्टीत सरकारमध्ये किंवा एखाद्या लोकप्रतिनिधीकडे काम करायला मिळेल का? नव्या शैक्षणिक धोरणानंतर हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहिलेला नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पदव्युत्तरच्या पहिल्याच वर्षी ओजेटीचे (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामातून प्रशिक्षण) चार क्रेडिट पूर्ण करावे लागतात. कॉमर्सच्या मुलाला सीएचं ऑफिस सापडतं, इंजिनिअरिंगवाल्याला कंपनी सापडते. राज्यशास्त्राच्या मुलीने कुठे जायचं, हे मात्र तिला बऱ्याचदा कॉलेजातही कुणी धड सांगत नाही.

या कामाला दोन वाटा आहेत. एक जाहिरातीची. तिच्या तारखा ठरलेल्या असतात, टक्केवारीची अट असते, ऑनलाइन अर्ज असतो आणि बहुतेक वेळा ठिकाण दिल्ली असतं. दुसरी वाट जाहिरातीविना चालते: तुमच्या मतदारसंघातलं आमदाराचं संपर्क कार्यालय, जिल्हा परिषद, महापालिका, पंचायत समिती. इथे इंटर्नशिप नावाची जागाच नसते, त्यामुळे ती 'निघत' नाही. पण तिथे काम भरपूर असतं आणि ते नीट करणारी माणसं कमी असतात. पहिल्यांदाच सुट्टीत काम शोधणाऱ्या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने या दुसऱ्या वाटेवर जास्त जोर लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र तिथे "मला इंटर्नशिप द्या" म्हणून चालत नाही. "मी तुमचं अमुक काम करून देतो" असं म्हणावं लागतं.

सुट्टीत सभागृह बंद असतं

हे आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. महाराष्ट्र विधिमंडळाचं अर्थसंकल्पीय अधिवेशन साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं, पावसाळी अधिवेशन जूनच्या शेवटी किंवा जुलैत, आणि हिवाळी अधिवेशन डिसेंबरमध्ये नागपुरात. संसदेचं अर्थसंकल्पीय अधिवेशन एप्रिलच्या आसपास आटोपतं आणि पावसाळी अधिवेशन बहुधा जुलैत सुरू होतं. म्हणजे तुमची सुट्टी ज्या महिन्यांत असते, त्या महिन्यांत ना विधानसभेत भाषणं असतात, ना लोकसभेत. गॅलरीत बसून कामकाज पाहायचं मनात असेल, तर मे महिना त्यासाठी नाही.

पण सभागृह बंद असलं तरी कामं थांबत नाहीत, उलट वाढतात. पावसाळी अधिवेशनासाठीचे प्रश्न याच काळात तयार होतात. पाणीटंचाईच्या आराखड्यांत वर्षाचे तीन टप्पे असतात. एप्रिल ते जून हा त्यातला शेवटचा आणि सगळ्यात कठीण टप्पा. खरीप हंगामाच्या आढावा बैठका याच दिवसांत होतात, त्यात बियाणं, खतं आणि पीककर्जाचा हिशेब मांडला जातो. शहरात नालेसफाई, धोकादायक इमारतींच्या याद्या आणि रस्त्यांची पावसाळापूर्व कामं चालू असतात. १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरतात. प्रशासन कसं चालतं हे पाहायला महाराष्ट्रात उन्हाळ्याइतका चांगला काळ नाही, कारण सगळी यंत्रणा एकाच वेळी पाण्याच्या मागे आणि पावसाच्या तयारीत असते.

जाहिरातीच्या वाटेवर काय काय आहे

सगळ्यात जास्त चर्चा नीती आयोगाच्या इंटर्नशिपची असते. तिथे दर महिन्याच्या १ ते १० तारखेला ऑनलाइन अर्जाची खिडकी उघडते. पदवीच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिलेली असावी आणि बारावीत ८५ टक्के असावेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याचं पहिलं वर्ष झालेलं असावं आणि पदवीला ७० टक्के असावेत. कालावधी कमीत कमी सहा आठवडे, जास्तीत जास्त सहा महिने. मानधन नाही आणि लॅपटॉपही स्वतःचाच न्यायचा. मेमध्ये जायचं असेल, तर निदान दोन महिने आधी अर्ज गेलेला हवा.

रिझर्व्ह बँकेच्या उन्हाळी इंटर्नशिपचं वेळापत्रक त्याहून आधीचं आहे. अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये भरायचे, मुलाखती वर्षाच्या सुरुवातीला, आणि काम एप्रिल ते जुलै. अर्थशास्त्र, सांख्यिकी, वाणिज्य, व्यवस्थापन, कायदा अशा विषयांतल्या आणि शेवटून दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ती असते, आणि महिना २०,००० रुपये विद्यावेतन मिळतं. मार्चमध्ये जागं होणाऱ्याच्या हातून ही संधी तीन महिने आधीच गेलेली असते.

परराष्ट्र मंत्रालय पदवीधरांना घेतं आणि महिना १०,००० रुपये देतं. महिला व बालविकास मंत्रालयाची दोन महिन्यांची इंटर्नशिप महिलांसाठी आहे. तिच्यात मोठ्या महानगरांबाहेरच्या, ग्रामीण भागातल्या मुलींना प्राधान्य असतं आणि २०,००० रुपये मानधन आहे. आपल्याकडच्या छोट्या शहरांतल्या मुलींना ती फारशी माहीतच नसते, याचं वाईट वाटतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आणि बाजारातल्या स्पर्धेवर देखरेख ठेवणारा भारतीय स्पर्धा आयोग कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी उपयोगी. पदवी नुकतीच झाली असेल, तर 'ट्युलिप' हा कार्यक्रम पाहा. तो २०२० मध्ये सुरू झाला आणि निकालानंतर अठरा महिन्यांच्या आतल्या पदवीधरांना महापालिका, नगरपालिकांत काम मिळावं हा त्याचा हेतू आहे.

या योजनांच्या अटी आणि रकमा सरकार बदलत असतं. त्यामुळे फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर विसंबू नका. त्या वर्षीची मार्गदर्शक सूचना खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन वाचा. सरकारी खात्याचा पत्ता 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा संपतो का, ते बघा; रिझर्व्ह बँकेचा मात्र 'आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन' आहे. आणि जागा पक्की करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर तो माणूस लबाड आहे असं समजून फोन ठेवा.

दोन योजनांच्या नावांमुळे दरवर्षी गोंधळ होतो, म्हणून तेही सांगतो. पंतप्रधान इंटर्नशिप योजना सरकारी असली, तरी प्रत्यक्ष काम देशातल्या मोठ्या कंपन्यांत असतं. सरकार आतून पाहायला मिळेल म्हणून तिच्यासाठी अर्ज करू नका. दुसरी मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना, २०२४ मध्ये आलेली. तिच्यातून सरकारी कार्यालयांतही प्रशिक्षणार्थी नेमले गेले. बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये असं तिचं विद्यावेतन. पण शिक्षण चालू असलेल्यांना तिचा लाभ मिळत नाही. सुट्टीपुरतं काम शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या ती उपयोगाची नाही.

पदवीनंतर वर्षभर देता येणार असेल, तर दोन फेलोशिप ध्यानात ठेवाच. पीआरएस या दिल्लीतल्या संस्थेची 'लॅम्प' फेलोशिप २०१० पासून चालू आहे. पंचवीस वर्षांपर्यंतच्या पदवीधराला एका खासदाराबरोबर पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पीय अधिवेशनापर्यंत, म्हणजे अकरा महिने, पूर्णवेळ काम करता येतं. आणि आपल्या राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप: २०१५ मध्ये सुरू झाली, मध्ये काही काळ बंद होती, २०२३ पासून पुन्हा चालू झाली. वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के आणि एक वर्षाच्या कामाचा अनुभव अशा तिच्या अटी. निवड अर्थ व सांख्यिकी संचालनालयामार्फत होते. या दोन्ही फेलोशिप सुट्टीत उरकणाऱ्या नाहीत. मात्र सुट्टीत तुम्ही जे काम कराल, ते या अर्जांत उपयोगी पडतं. निबंधात "मला समाजसेवेची आवड आहे" असं लिहिणारे पुष्कळ असतात. आपल्या तालुक्यातल्या टँकरच्या खेपा मोजल्याचं लिहिणारे फार थोडे.

दिल्लीबद्दल एक गोष्ट मला मनापासून वाटते. विनामानधन सहा आठवडे दिल्लीत राहायचं म्हणजे खोलीभाडं, खाणावळ आणि रेल्वेचं तिकीट, सगळं घरच्यांच्या खिशातून. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर जावं. पण ज्याला परवडत नाही, त्याने मनाला लावून घेऊ नये आणि कर्जही काढू नये. लातूरच्या किंवा गोंदियाच्या मुलाला जिल्हा परिषदेत जे बघायला मिळेल, ते दिल्लीतल्या वातानुकूलित खोलीत अहवाल चाळताना दिसत नाही. विनामानधन जागांमुळे धोरणं ठरवणाऱ्या खोल्यांत सधन घरांतलीच मुलं जास्त पोचतात. हा अन्याय आहे आणि तो दूर व्हायला हवा. तोवर घराजवळची वाट धरणं हा कमीपणा मुळीच नाही.

आमदारांच्या कार्यालयात दिवसभर काय चालतं

सकाळी नऊ-साडेनऊपासून माणसं येऊन बसलेली असतात. कुणाच्या शेतातली डीपी जळून आठवडा झालेला असतो. कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन असतं आणि मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज भरायचा असतो. एखाद्या आजींचे संजय गांधी निराधार योजनेचे पैसे बंद झालेले असतात, कारण बँक खातं आणि आधार यांचा मेळ बसत नाही. कुणाला रेशनकार्ड विभक्त करायचं असतं. सरपंच रस्त्याच्या कामाचं पत्र मागायला आलेले असतात. लग्नपत्रिका घेऊन आलेले तर असतातच.

या सगळ्यांना सामोरा जातो तो स्वीय सहायक, म्हणजे पीए. कुठलं पत्र कुणाच्या नावे जाईल, कुठला फोन साहेबांनी स्वतः करायचा आणि कुठला आपण करायचा, ही सगळी व्यवस्था त्याच्या डोक्यात असते. इंटर्नशिपचा खरा निर्णयही बहुतेक वेळा तोच घेतो. त्यामुळे आमदारांना भेटायच्या आधी पीएंना भेटा. आदराने बोला. कार्यकर्ते आमदारांना दादा, भाऊ, ताई, साहेब म्हणतात. तुम्ही सर किंवा मॅडम म्हणा. तुमचं नातं कार्यकर्त्याचं नाही, हे पहिल्या दिवसापासून त्यातून कळतं.

आता इथे विद्यार्थ्याने काय करायचं? फाइल लावणं, नोंदी ठेवणं हे थोडं करावंच लागेल, त्यात कमीपणा नाही. पण जी गोष्ट पीएला वेळेअभावी जमत नाही आणि तुम्हाला जमू शकते, ती म्हणजे एका विषयावर चार दिवस बसून माहिती गोळा करणं. त्यातून सभागृहात विचारता येईल असा प्रश्न तयार होतो.

तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्यावर मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं त्या प्रश्नाची, एक ठरलेली बांधणी असते, ती एकदा नीट बघा. समजा, एका तालुक्यात टँकर मंजूर होऊनही खेपा कमी होत असल्याची बातमी स्थानिक पुरवणीत आली आहे. प्रश्नाचा मसुदा साधारण असा होतो:

सन्माननीय पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय:
(१) अमुक तालुक्यातील अमुक गावांना मंजूर खेपांपेक्षा कमी खेपांनी पाणीपुरवठा होत असल्याचे माहे मे मध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय;
(३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार संबंधितांवर कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

सांगाडा साधा दिसतो, पण पहिल्या उपप्रश्नात सगळी ताकद असते. गावांची नावं चुकली, महिना चुकला, खातं चुकलं, तर उत्तर "हे खरे नाही" असं येतं आणि विषय तिथेच संपतो. टँकर नेमका कसा मंजूर होतो, हे तुम्हाला माहीत असावं लागतं: ग्रामपंचायतीचा ठराव, त्यावर गटविकास अधिकारी आणि तहसीलदारांकडून पाहणी, मग मंजुरी. टँकरच्या खेपांची नोंदवही कुठे असते आणि तिच्यावर गावातल्या कुणाची सही लागते, हे विचारून घ्यावं लागतं. म्हणजे चार ओळींच्या प्रश्नासाठी तुम्ही पंचायत समितीत जाता, दोन-तीन गावांत जाऊन नोंदवही बघता आणि शासन निर्णय वाचता. माझ्या दृष्टीने लोकशाहीचं याहून चांगलं शिक्षण दुसरं नाही. पाठ्यपुस्तकात "कार्यकारी मंडळ विधिमंडळाला जबाबदार असते" असं एक वाक्य असतं. ती जबाबदारी प्रत्यक्षात कशी विचारली जाते, ते इथे कळतं.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकून माहिती मिळवू, असं अनेकांना वाटतं. कायद्याने उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. तुमची सुट्टीच तेवढी असते. अर्ज टाकायचा तर रुजू व्हायच्या आधी टाका, नाहीतर जे जाहीर आहे त्यावर भागवा: शासन निर्णयांचं संकेतस्थळ, जिल्ह्याचे टंचाई अहवाल, ग्रामसभेची इतिवृत्तं, अर्थसंकल्पाची पुस्तकं.

कुणाकडे जायचं

पक्ष बघून ठरवू नका, असं म्हणणं सोपं आहे. प्रत्येकाची काही मतं असतात आणि ती असावीतही. पण शिकायचं असेल, तर सभागृहात काम करणारा प्रतिनिधी शोधा. खासदाराची उपस्थिती, विचारलेले प्रश्न, चर्चेतला सहभाग आणि मांडलेली अशासकीय विधेयकं पीआरएसच्या संकेतस्थळावर एकेका नावाखाली बघायला मिळतात. मुंबईतल्या आमदारांच्या कामगिरीचे अहवाल प्रजा फाउंडेशन काढत आलं आहे. बाकी महाराष्ट्रासाठी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात. त्यात आपल्या भागातल्या आमदाराचं नाव किती वेळा आणि कोणत्या विषयावर येतं ते पाहा. एक तास लागेल, पण मुलाखतीत त्या तासाचा उपयोग होतो.

विधान परिषदेचे सदस्य मुलांच्या नजरेतून सुटतात. परिषदेच्या ७८ जागांपैकी सात पदवीधर मतदारसंघांच्या आणि सात शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. या सदस्यांचं क्षेत्र अनेक जिल्ह्यांचं असतं आणि विषय शिक्षण, भरती, विद्यापीठं, अनुदान असे. डीपी आणि गटारांची गर्दी तिथे तुलनेने कमी असते, त्यामुळे अभ्यासाच्या कामाला जास्त वाव मिळतो. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने आधी त्यांचं दार ठोठवावं असं मी सुचवेन.

प्रशासनाकडे जायचं असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे पत्र देण्यापेक्षा एखाद्या ठरावीक विभागाकडे जा. जिल्हा परिषदेत ग्रामीण पाणीपुरवठा, महिला व बालकल्याण, शिक्षण. महापालिकेत घनकचरा किंवा आपत्ती व्यवस्थापन. विभागप्रमुखाला तुमच्या कॉलेजचं अधिकृत पत्र हवं असतं, कारण उद्या कुणी विचारलं की हा मुलगा फाइल का बघतोय, तर त्यांच्याकडे कागद असावा लागतो. म्हणून ओजेटीचं पत्र प्राचार्यांच्या सहीने आणि शिक्क्यासह आधी तयार ठेवा. ते हातात नसेल, तर चांगला अधिकारीसुद्धा नाइलाजाने नाही म्हणतो.

पक्षाच्या कार्यालयात किंवा निवडणूक व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीत काम करायला अनेकांना आवडतं. तिथे वेग असतो, वॉर रूम असते, सर्वेक्षणं असतात. प्रचार समजून घ्यायचा असेल तर जा. पण बहुतांश काम समाजमाध्यमांवरच्या मजकुराचं आणि बूथच्या याद्यांचं असतं. कायदा कसा होतो आणि पैसा कुठून कुठे जातो, हे तिथे दिसत नाही. आणि खोटी माहिती पसरवायला, बनावट खाती चालवायला कुणी सांगितलं, तर त्याच दिवशी काम सोडा.

सत्तेबाहेर राहून सत्तेवर लक्ष ठेवणाऱ्या संस्था हा चौथा पर्याय. प्रजाचं नाव वर आलंच. उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांचं विश्लेषण करणारी एडीआर ही दुसरी. पुण्यातली गोखले इन्स्टिट्यूट, उत्तनची रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी यांचे उपक्रमही बघून ठेवा. आणि हिवाळ्यासाठी एक: नागपूर अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे विद्यापीठांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग होतो. सभागृह चालू असताना बघायचं असेल, तर आपल्या विभागप्रमुखांकडे त्याची चौकशी दिवाळीच्या आधीच करा.

पत्र कसं लिहायचं

बायोडेटा दोन पानांचा आणि पत्र तीन ओळींचं, असं बहुतेक मुलं पाठवतात. उलट करा. बायोडेटा एक पान पुरे, पत्रात मात्र काम दिसू द्या. नमुना देतो:

"मा. आमदार महोदया, स.न. मी राज्यशास्त्राच्या एम.ए. प्रथम वर्षात शिकत असून माझे गाव आपल्या मतदारसंघात आहे. १० मे ते २० जून या काळात आठवड्यातून पाच दिवस मी आपल्या संपर्क कार्यालयात काम करू इच्छिते. पावसाळी अधिवेशनासाठी तालुक्यातील टंचाईग्रस्त गावांची गावनिहाय माहिती मी संकलित करून देऊ शकेन. तीन गावांची माहिती व एका तारांकित प्रश्नाचा मसुदा नमुन्यादाखल सोबत जोडला आहे. मला मराठी युनिकोड टंकलेखन व एक्सेल येते. विद्यापीठाच्या ओजेटीसाठी कामाच्या तासांचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. कॉलेजचे पत्र सोबत आहे. आपली विश्वासू."

या पत्रात तारखा आहेत, एक काम आहे, आणि त्या कामाचा नमुना आहे. पीएला वाचून लगेच कळतं की या मुलीला काय सांगायचं. ईमेल पाठवाच, पण त्यावर थांबू नका. छापील प्रत घेऊन कार्यालयात जा आणि पोच घ्या. शनिवार-रविवारी आमदार मतदारसंघात असण्याची शक्यता जास्त, पण त्या दिवशी गर्दीही जास्त. पीएशी निवांत बोलायला मधला वार बरा. आठवड्याने एक फोन करा. दोन फोननंतरही काही कळलं नाही, तर पुढच्या दाराकडे वळा. राज्यात २८८ विधानसभा मतदारसंघ आहेत आणि एकाच वेळी चार-पाच ठिकाणी विचारण्यात काही गैर नाही.

मराठी युनिकोडमध्ये भराभर टाइप करता येणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात दुर्लक्षित कौशल्य आहे. इंग्रजी अहवालाचा सार शुद्ध, सोप्या मराठीत एका पानात उतरवता आला, तर तुमची जागा पक्की झाली म्हणून समजा. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनी महिनाभर आधी हा सराव करावा. गावाकडच्या मुलांचं इथे पारडं जड असतं, आणि त्यांनी ते ओळखावं.

पहिल्या दिवशीच बोलून घ्यायच्या गोष्टी

तास, सुट्टी, कोणाला रोज सांगायचं, प्रवासखर्च मिळणार का. प्रवासखर्च मागायला लाजू नका. गावोगाव फिरून माहिती आणायची असेल, तर पेट्रोलचे पैसे मागणं रास्त आहे. मानधन मिळत नसेल, तर आठवड्याचे तीनच दिवस द्या आणि उरलेल्या दिवसांत कमवा, असंही करता येतं. चांगलं कार्यालय त्याला नाही म्हणत नाही.

मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी काही गोष्टी आधीच विचाराव्यात. कार्यालयात आणखी कोणत्या महिला काम करतात? संध्याकाळी किती वाजेपर्यंत थांबावं लागतं? दौऱ्यावर जायचं तर कुणाबरोबर? २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण प्रशिक्षणार्थींनाही आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि त्याहून लहान कार्यालयाबाबतची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हे विचारल्यावर कुणाच्या कपाळावर आठ्या पडल्या, तर तिथे जाऊ नका.

आणखी एक जबाबदारी तुमच्या बाजूची. या कार्यालयात लोकांचे आजाराचे कागद, आधारकार्डाच्या झेरॉक्स, कौटुंबिक भांडणं तुमच्या डोळ्यांखालून जातात. त्यातलं काहीही बाहेर जाता कामा नये, फोटोतही नाही आणि मित्रांच्या गप्पांतही नाही. ज्या आजी निराधार योजनेसाठी आल्या आहेत, त्यांचा फोटो तुमच्या स्टेटसला लावण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिलेला नाही.

पुढे सरकारी नोकरीचा विचार करणारे विचारतात, आमदाराकडे काम केल्याचा शिक्का बसेल का? नोकरीत रुजू झाल्यावर पक्षाचं काम करता येत नाही, हा नियम स्पष्ट आहे. विद्यार्थी असताना विधिमंडळाशी निगडित संशोधन करणं ही वेगळी गोष्ट आहे. बायोडेटात ते तसंच लिहा: विषय, कालावधी, काय तयार केलं. पक्षाचं नाव लिहायची गरज नाही.

प्रमाणपत्र शेवटच्या आठवड्यात मागा, निघून गेल्यावर नाही. "अमुक विद्यार्थिनीने समाधानकारक काम केले" एवढंच असेल, तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. तारखा, एकूण तास आणि दोन-तीन ठळक कामं त्यात यावीत. मसुदा तुम्हीच टाइप करून द्या, पीए खूश होतील. ओजेटीचा विद्यापीठाचा नमुना वेगळा असतो. त्यावर सही कुणाची चालते हे कॉलेजात आधी विचारून घ्या, नाहीतर जुलैत पुन्हा खेटे घालावे लागतात.

मग पावसाळी अधिवेशन सुरू झालं की विधिमंडळाच्या संकेतस्थळावरच्या प्रश्नांच्या याद्या उघडून बघत राहा. तुम्ही मसुदा केलेला प्रश्न स्वीकारला गेला असेल, तर त्याचा क्रमांक टिपून ठेवा आणि मंत्र्यांचं लेखी उत्तर उतरवून घ्या. प्रश्न आमदारांचा असतो, त्यामुळे तो बायोडेटात लिहायचा तर त्यांच्या कार्यालयाची परवानगी घ्या. उत्तरात "चौकशी चालू आहे" असं आलं असेल, तर ते ज्या गावांबद्दल आहे तिथल्या सरपंचांना फोन करून कळवा. नोंदवही दाखवताना त्यांनी वेळ दिला होता, आणि पुढे काय झालं हे समजण्याचा त्यांना हक्क आहे.